सुरईवरची शेपटी

ओलेटा सभागृहात शिरली ती फक्त भाचीला एक टोमणा मारून परत मैदानात जायला. ढोल अजून नीट तापले नव्हते, बायकांची ओळ लागायला अवकाश होता आणि टोमणा तर तिच्याकडे सकाळपासून तयार होता. केसांत मागे खोवलेल्या शिरोभूषणावरून रंगीत फिती टाचांपर्यंत लोंबत होत्या. त्यांना शिवलेले घुंगरू चालताना वाजत. बिंगर गावात तो आवाज जवळ आला की बायका आपोआप आपले कपडे नीट करत. टर्की पक्ष्याच्या नावाने बायका नाचतात त्या नाचात ओळीच्या तोंडाशी ओलेटा असते आणि तिच्या राज्यात चुकीला माफी नसते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मागच्या वर्षी तिने शॅनालाच ओळीतून बाहेर काढलं होतं, सगळ्यांदेखत. पायात धावायचे बूट होते म्हणून. "ते घालून टल्साच्या बसथांब्यावर उभी राहा," असं म्हणाली होती. शॅना मान खाली न घालता निघून गेली होती आणि तीच गोष्ट ओलेटाला जास्त झोंबली होती.

शॅना तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, तशी ही पोरगी टल्सा शहर सोडून आईच्या घरी राहायला आली आणि मातीत हात घालून बसली. माती नदीकाठची, चाक नाही, वळ्यांवर वळ्या रचून भांडं उभं करायचं, गारगोटीने घोटायचं, उघड्या जाळात भाजायचं, मग कोरायचं. अगदी आपल्या कॅडो जमातीच्या पूर्वीच्या बायका करत तसं. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण कोरायचं काय, तर अवकाशयानं. यंत्रमानव. चंद्रावर आपली गवताची घुमटाकार घरं आणि त्यांच्या दारात शिरस्त्राण घातलेल्या बाया. ओलेटाच्या मते हा सरळसरळ चावटपणा होता. आपल्या पूर्वजांची भांडी म्हणजे काय पोरांच्या खेळण्यांची खोकी आहेत?

आज वर्षाच्या मेळ्यासाठी तिची सगळी भांडी सभागृहाच्या लांब फळीवर मांडली होती. हे सभागृह सांभाळणारा वेंडेल फळीच्या टोकाला टेबल टाकून बसला होता. गडी भला, पण कुणालाच नाही म्हणायचा नाही आणि अशा माणसाचा ओलेटाला सगळ्यात आधी राग यायचा.

"ताई, आलात! बघा, कशी मांडलीयेत."

"बघते. इथे पत्रा कापायच्या कारखान्याचं प्रदर्शन आहे म्हणून कुणीतरी सांगितलं."

वेंडेल कसनुसा हसला. ओलेटा फळीशेजारून चालू लागली. एका वाडग्यावर यंत्रमानव नाचत होता. एका मडक्यावर तीन चंद्र. तिने नाक मुरडलं आणि पुढे सरकली. शेवटी, खिडकीच्या उजेडात, एकटी ठेवलेली एक सुरई होती.

काळीभोर, लांब मानेची. घोटून अशी केली होती की खिडकी तिच्यात दिसत होती. पोटावर मोठा भोवरा कोरलेला, रेघांमध्ये गेरू भरलेला. भोवऱ्याच्या टोकापाशी बोटाच्या पेराएवढं एक यान, वर निघालेलं. सुरई सुंदर होती. ओलेटाला हे कबूल करायचं नव्हतं, पण तिचा हात आपणहून पुढे गेला आणि अंगठा भोवऱ्याच्या रेघेवरून फिरला. फिरत फिरत, जिथे शेवटची रेघ पहिलीला मिळून गप्प व्हायला हवी, तिथे आला. रेघ गप्प झालीच नव्हती. ती पुढे सुटली होती. छोटीशी शेपटी. तिच्यात नख अडकलं.

ओलेटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही शेपटी तिला माहीत होती. याच अंगठ्याला माहीत होती. गेल्या वसंतात एका विद्यापीठाच्या कोठारातून आपल्या लोकांच्या हाडांच्या पेट्या परत आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची भांडी. जमिनीत लोखंडी सळया खुपसून खुपसून खणणाऱ्यांनी रेड नदीच्या काठावरची ती थडगी फोडली होती. ज्यांच्या सळईला भांडं लागलं ते हसले असतील आणि ज्यांच्या सळईने भांडं फुटलं त्यांनी शिवी हासडली असेल. मग कुणाच्या तरी कपाटात, मग कोठारात, अशी ती पडली होती. जमातीला जिथून हुसकून लावलं होतं त्या जुन्या मुलखात परत खड्डे घेऊन सगळ्यांना पुन्हा निजवायचं ठरलं. फोटो काढायचा नाही, चित्र काढायचं नाही, हेही ठरलं. ते ठरवणाऱ्यांत ओलेटा होती.

एका बाईची हाडं तिने स्वतः ठेवली. नाव नाही, गाव नाही, पेटीवर नुसता आकडा. बाईच्या डोक्याशी तिची सुरई ठेवताना अंगठा भोवऱ्यावरून गेला आणि अशाच शेपटीत अडकला. ओलेटा खड्ड्यात गुडघ्यांवर होती. तिने त्या बाईला शब्द दिला होता, तोंडाने, ऐकू जाईल असा. "आता तुला कुणी हात लावणार नाही. तुझं तुझ्यापाशी राहील." आयुष्यात तिने पुष्कळ समित्यांमध्ये पुष्कळ बडबड केली होती, पण शब्द म्हणावा असा तो एकच.

आणि तीच शेपटी इथे फळीवर, वर खेळण्यातलं यान चिकटवून, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी मांडलेली.

"वेंडेल," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता आणि वेंडेलला त्या आवाजाची जास्त भीती वाटायची. "पेट्या परत यायच्या आधी ही पोरगी विद्यापीठाच्या कोठारात गेली होती ना? तूच चिठ्ठी दिली होतीस."

"गेली होती, ताई. पण तिला बाहेरच्या फळ्यांवरची भांडी दाखवली. पेट्या तर बंद..."

"बंद! तू बघायला गेला होतास तिथे?"

"नाही, मी..."

"मग गप्प बस."

तेवढ्यात शॅना आली. हातात कागदी बशी, बशीत तळलेली रोटी, गालाला पीठ. खळ देऊन कडक केलेला निळा झगा घातला होता, पायात मऊ चामड्याचे जोडे. बूट नव्हते. ओलेटाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"मावशी! टोमणा मारून झाला की अजून बाकी आहे?"

"चोरटे," ओलेटा म्हणाली.

शॅनाने बशी खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"चोरटी म्हणाले. ऐकू येत नाही का टल्सातल्या पोरींना? हा भोवरा तू मेलेल्या बाईच्या उशाखालून काढलास. आम्ही मातीत ठेवला होता तो. सळई खुपसणारे परवडले, ते निदान परके होते."

"माझा भोवरा आहे. असा भोवरा आपल्या शंभर भांड्यांवर आहे. पुस्तकं उघड, दिसेल."

"भोवऱ्याचं मला सांगू नकोस! कोठारात जाऊन पेटी उघडलीस. बोटं फिरवलीस तिच्यावरून. आणि वर हे विमान डकवलंस, म्हणजे कुणाला कळू नये."

"मी कुठलीही पेटी उघडली नाही."

"तुझी आई पण अशीच खोटं बोलायची. डोळ्यांत बघून."

हे बोलायला नको होतं, आणि ओलेटाला ते बोलत असतानाच कळलं, पण आता तिच्याच्याने थांबवेना. शॅनाचा चेहरा पांढरा पडला.

"आईचं नाव घेऊ नकोस. आई आजारी होती तेव्हा तू नाच बसवत होतीस." ती जवळ आली. "आणि शिकू कुणाकडून? तू सांग. आजीला येत होतं? तिच्या आजीला येत होतं? मुलूख सुटला तशी माती सुटली आपल्या बायकांच्या हातून. शिकवणाऱ्या सगळ्या जमिनीखाली. जिवंत आहेत त्या तुझ्यासारख्या, बूट बघून हाकलणाऱ्या!"

"म्हणून मढ्याच्या अंगावरचं ओरबाडायचं?"

"सुरई खाली ठेव, मावशी."

सुरई ओलेटाच्या हातात होती. कधी उचलली, तिलाही आठवलं नसतं. ती दाराकडे निघाली होती, घुंगरू वाजत होते, वेंडेल उभा राहून "ताई, ताई" करत होता. शॅना आडवी आली.

"कुठे नेतेस?"

"जिथली आहे तिथे. मातीत."

"ती माझी आहे! गेलं वर्षभर मी दुसरं काही केलेलं नाही. तीनदा भाजताना तडकली, चौथ्यांदा टिकली. सांता फेच्या मोठ्या कलाबाजारात न्यायचीये मला. मावशी, दे इकडे."

ओलेटाने भाचीकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती होती आणि ती पाहून ओलेटाला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तिने सुरई छातीइतकी वर धरली आणि दोन्ही हात उघडले.

फरशी सिमेंटची होती. आवाज फार मोठा झाला नाही. मान एकीकडे घरंगळली, पोटाच्या चिरफळ्या झाल्या, एक तुकडा वेंडेलच्या टेबलाखाली गेला. बाहेर ढोल तापवणारे दोघे मोठ्याने हसत होते, त्यांचं ऐकू येत राहिलं.

शॅना रडेल असं ओलेटाला वाटलं होतं. किंवा अंगावर येईल. दोन्हीची तयारी होती. शॅना गुडघ्यांवर बसली आणि तुकडे गोळा करू लागली, मोठे वेगळे, बारीक वेगळे, जणू रोजचं काम. मग मान वर न करता म्हणाली, "भोवरा शंभर भांड्यांवर असतो हे तुलाही माहीत आहे. मग ह्याच एका बाईचा कशावरून?"

"शेपटीवरून."

"कसली शेपटी?"

"आता साळसूदपणा नको. शेवटची रेघ पुढे सुटलीये, तिथे. तिच्या सुरईवर अगदी तशीच आहे, तिथेच आहे. ते काही नक्षीत नसतं. तो त्या बाईचा हात आहे. तू तिची चूकसुद्धा सोडली नाहीस."

शॅनाने यान असलेला तुकडा उचलला. त्याच्याकडे पाहिलं. आणि हसली. ते हसणं ऐकून वेंडेल पुन्हा खाली बसला.

"ही? ही माझी चूक आहे, मावशी. माझी. प्रत्येक वेळी होते. यान मी आधी काढतच नाही. हात सुटला की ती रेघ झाकायला काहीतरी लागतं, म्हणून तिथे यान येतं. रेघ म्हणजे त्याचा जाळ."

"थाप."

"जा, बघ. फळीवर मांडलंय सगळं. हात लावून बघ."

ओलेटा गेली नसती. पण वेंडेल तिच्याकडे बघत होता. सगळ्यांना हो म्हणणारा वेंडेल, आणि आज त्याच्या नजरेत हो नव्हतं. ती फळीकडे वळली. नाचणाऱ्या यंत्रमानवाच्या वाडग्यावर अंगठा ठेवला, भोवरा धरून फिरवला. टोकाला रेघ सुटलेली, तिची यंत्रमानवाच्या डोक्यावरची तार झालेली. तीन चंद्रांच्या मडक्यावर सुटलेली रेघ धूमकेतू झाली होती. गवताच्या घरांच्या दुसऱ्या एका सुरईवर ती शिरस्त्राणवाल्या बाईच्या कमरेची दोरी होती. ओलेटा एकेक भांडं हातात घेत गेली. प्रत्येकावर तीच जागा.

"ही सगळी कोठारात जाऊन आल्यानंतरची," ती म्हणाली, पण आवाजात जोर राहिला नव्हता.

वेंडेलने टेबलावरचं एक वेडंवाकडं वाडगं उचललं, त्यातल्या लेखण्या काढून बाजूला ठेवल्या आणि वाडगं तिच्यापुढे धरलं. "हे तिचं पहिलं, ताई. गावात आली त्याच हिवाळ्यातलं. तुम्हाला दिलं होतं तिने. तुम्ही माझ्याकडे पाठवलंत, घरात जागा नाही म्हणून. तेव्हा तिला कोठार कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं."

वाडगं जाड होतं, एका बाजूला बसकं. भोवरा कसाबसा काढलेला. शेवटची रेघ पुढे सुटली होती आणि तिथे काहीच नव्हतं. तेव्हा झाकायचं तिला सुचलं नव्हतं. नुसती शेपटी.

"का सुटते?" ओलेटाने विचारलं.

शॅनाने डावा हात वर केला. तळव्याला गेरू लागला होता. "हा हात आहे म्हणून. भोवरा ज्या बाजूने फिरायचा त्याच बाजूने फिरतो, तो काही माझ्यासाठी उलटा होणार नाही. भांडं मांडीवर. उजव्या हाताने कोरणाऱ्या बाईला शेवटची रेघ कुठे मिळवायची ते दिसतं. माझ्या तळव्याखाली ते झाकलं जातं. मी अंदाजाने जाते आणि पुढे जाते." ती थांबली. पुढचं तिच्याही आत्ताच ध्यानात येत असावं. "तिच्या सुरईवर तिथेच होती म्हणालीस?"

"तिथेच."

"मग तीही डावखुरी असणार."

ओलेटा वाकडं वाडगं धरून उभी राहिली. त्या बाईचं नाव कळणार नव्हतं, गाव कळणार नव्हतं, मुलंबाळं कळणार नव्हती. पेटीवर आकडा होता तेवढाच. आता एक गोष्ट कळली होती. बाई डावखुरी होती, शेवटाला येताना तिचा हात सुटायचा, आणि तिने कधीतरी मांडीवर सुरई धरून आपल्या चुकीला शिवी दिली असेल. कोठारात कागद लिहिणाऱ्या एवढ्या विद्वानांना ते कळलं नव्हतं. स्वतः ओलेटाने तिला खड्ड्यात ठेवलं, तिलाही कळलं नव्हतं. ते सांगू शकणारा एक हात साऱ्या जमातीत होता, तो तिच्या बहिणीच्या पोरीचा होता आणि त्या हाताचं वर्षभराचं काम फरशीवर पडलं होतं. ओलेटाला लाज वाटली. अशी लाज की कानांच्या पाळ्या दुखू लागल्या.

"चिकटवता येईल का?" तिने विचारलं.

"नाही."

"अगं, हल्ली इतके चांगले..."

"नाही म्हटलं ना. माफीही मागू नकोस, मला नकोय." शॅनाने फळीखालच्या आपल्या सामानातून दगडी खल ओढला आणि धपकन पुढ्यात ठेवला. "फुटलेलं आपण फेकत नाही. कुटून पुढच्या मातीत घालतो, म्हणजे नवं भांडं जाळात तडकत नाही. हे तरी माहीत असेल. की ह्यात पण बूटच बघायचे?"

"माहीत आहे."

"मग बस. तू फोडलंस, तू कूट."

दारात घुंगरू वाजले. बायकांपैकी एकीने डोकं आत घातलं. "ओलेटा, ओळ लागली. ढोल थांबलेत तुझ्यासाठी. ऊन कलायला लागलंय."

टर्कीचा नाच दिवस मावळायच्या आत संपायला हवा, आणि ओलेटावाचून तो सुरू झाल्याचं इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"करा सुरू," ओलेटा म्हणाली.

"म्हणजे? तोंडाशी कोण?"

"कुणीही उभी राहा. जा."

बाई सगळ्यांकडे एकदा बघून गेली. ओलेटाने फिती गोळा करून खांद्यावर टाकल्या आणि फरशीवर बसली. गुडघे कुरकुरले. खलात पहिला तुकडा टाकून तिने दगड उचलला. बाहेर ढोल सुरू झाले, तसे तिचे घाव नकळत ढोलाबरोबर पडू लागले. हे शॅनाच्या लक्षात आलं.

"नाचू नकोस. कूट."

ओलेटाने ठेका मोडला. काळी खापरं फुटत गेली, त्यांचा आधी चुरा झाला, मग भुकटी. गेरूने ती जागोजागी तांबूस झाली. शॅना समोर बसून एकेक तुकडा पुढे सरकवत होती. मदत करत नव्हती, उठूनही जात नव्हती. मान गेली, बूड गेलं, पोट गेलं. बाहेर बायकांचे आवाज चढले. ओळीच्या तोंडाशी कुणीतरी पाय चुकत होतं, ते ओलेटाला इथे बसून कळत होतं, आणि ती कुटत राहिली.

फरशी रिकामी झाली. शॅनाने इकडेतिकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"एक कमी आहे."

ओलेटाची डावी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती.

"मावशी."

"हा राहू दे. शेपटीचा आहे. एवढा एकच मला राहू दे, शॅना. मी जपून ठेवीन."

"कुठे? कपाटात?" शॅना म्हणाली. "ते खणणारे पण हेच म्हणायचे."

ओलेटा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मूठ उघडली, तुकडा खलात टाकला आणि दगड उचलला.